आपला ब्राउझर चालणार नाही

मंगळवार, रात्री उशिरा

आठ दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये. आईचा तो वार्षिक फॉर्म माझ्या फायरफॉक्समध्ये भरायला बसले आणि पानाच्या वर लाल पट्टी आली : आपला ब्राउझर चालणार नाही, कृपया दुसरा वापरा. एवढंच. दादाला फोन केला तर म्हणाला, "अगं, क्रोम टाक, फॉर्म भर आणि झोप." चुकीचं काहीच बोलला नाही तो. मी क्रोम टाकलं नाही आणि झोपलेही नाही.

एवढं का लागलं मला?

सांगलीतला तो सायबर कॅफे आठवत राहिला. 2005 चा उन्हाळा. तिसऱ्या नंबरच्या मशिनवर एकानं फायरफॉक्स टाकून दिलं होतं, 1.0 येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. एका खिडकीत चार-चार टॅब! मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर 6 मध्ये प्रत्येक पानाला वेगळी खिडकी उघडायची, खालची पट्टी भरून जायची. पण मराठी वर्तमानपत्र वाचायचं म्हटलं की मुकाट्यानं एक्स्प्लोररकडे परत. तेव्हा बऱ्याच मराठी पानांबरोबर येणारे फाँट ईओटी जातीचे असत, आणि ते एक्स्प्लोररखेरीज कुणाला वाचता येत नसत. फायरफॉक्समध्ये अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. आणि खाली सूचना : हे पान एक्स्प्लोररमध्ये पाहा. तो म्हणायचा, थांब, युनिकोड, म्हणजे अक्षरांची एकच पद्धत, सगळीकडे येऊ दे, मग बघ. आलंही. त्यानं मात्र… असो.

17 जून 2008 ला फायरफॉक्स 3 आलं, त्या रात्री मी जागी होते. चोवीस तासांत 80,02,530 जणांनी ते उतरवून घेतलं, गिनेस बुकात नोंद झाली. त्यातलं एक माझं. त्यानंतर मशिनं बदलली, घरं बदलली, फायरफॉक्सच्या चिन्हातलं ते नारिंगी शेपूट कोपऱ्यात राहिलं.

आणि आता पुन्हा तीच सूचना. रंग तेवढा बदललाय.

म्हटलं, कदाचित ही नुसती सवय असेल. आवड आहे की सवय, हे दुसरं काही वापरल्याशिवाय कळणार कसं? म्हणून गुरुवारपासून एकेक ब्राउझर घेऊन बसले.

विवाल्डी दोन दिवस वापरलं. फार आवडलं, खरंच. टॅबचे गठ्ठे करून ठेवता येतात, बाजूला टिपणवही उघडते. मुद्रितं तपासताना शंका लिहायला इतकी सोय मला कुठेच मिळाली नव्हती. ते काढणारे यॉन फॉन टेट्झनर म्हणजे ऑपेरा हा ब्राउझर काढणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. ते 2011 मध्ये बाहेर पडले, 2013 मध्ये ऑपेरानं पान मांडणारं आपलं स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून दिलं, आणि 2016 मध्ये यांनी विवाल्डीची पहिली पक्की आवृत्ती आणली. जुन्या ऑपेराच्या माणसांसाठी पुन्हा घर बांधायचं, ही गोष्टच मला भावते. शनिवारी ब्रेव्ह. जाहिराती आपोआप गायब, पानं झरझर उघडतात. त्याच्यामागे ब्रेंडन आइक, ज्यांनी जावास्क्रिप्ट लिहिली आणि फायरफॉक्सवाली मोझिला उभी करणाऱ्यांतही जे होते. मग मायक्रोसॉफ्टचं एज. एजमध्ये मराठी पान मोठ्यानं वाचून दाखवणारा आरोही नावाचा आवाज आहे. संध्याकाळी दिवा न लावता एक अख्खा लेख ऐकला. डोळ्यांनी सुटलेल्या दोन चुका कानांनी पकडल्या. आईलाही ऐकवलं. ती म्हणाली, "ही कोण गं, गोड वाचते." त्या क्षणी मला वाटलं, संपलं, आता हेच.

पण रविवारी सकाळी तेच पान चारही ठिकाणी शेजारी शेजारी उघडून पाहिलं. विवाल्डी, ब्रेव्ह, एज, आणि दादाच्या लॅपटॉपवरचं क्रोम. चौघांच्याही पोटात गूगलचं क्रोमियम, पान मांडणारं इंजिन ब्लिंक. ऑपेराही आता तेच. एकाच गिरणीचं पीठ, डबे तेवढे वेगळे. मला हे आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण शेजारी शेजारी पाहिल्यावर पोटात खड्डा पडला. ॲपलची वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको सोडलं तर घरोघरी चालणारं दुसरं काही उरलेलंच नाही. एकच उरला की काय होतं, ते आपण पाहिलंय. एक्स्प्लोरर 6 आलं 2001 मध्ये, आणि मैदान मोकळं झाल्यावर 7 यायला 2006 उजाडलं. पाच वर्षं! मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं, हेही मला कळतं. तरीसुद्धा.

दुपारी भाचा आला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, नाव बदलून बघ ना."

कुठल्याही साइटवर गेलं की ब्राउझर आधी आपली ओळख सांगतो. नेटस्केप हा जुना ब्राउझर आपलं नाव मोझिला असं सांगायचा; त्याच्या काळात चांगली पानं ज्यांच्या नावात मोझिला आहे त्यांनाच मिळत, म्हणून बाकीच्यांनी ते नाव लावायला सुरुवात केली. आजही क्रोम, एज, सफारी, सगळ्यांची ओळख 'मोझिला/5.0' अशीच सुरू होते. त्यानं माझ्या फायरफॉक्सच्या ओळखीत पुढे क्रोमचं नाव घातलं. लाल पट्टी गेली. फॉर्म उघडला. सगळे रकाने भरले, फोटो चढला, पावती निघाली. एकही अक्षर हललं नाही.

मी नुसती बघत बसले. म्हणजे ते चालत होतं. पहिल्या दिवसापासून चालत होतं. त्यांनी फक्त नाव विचारलं होतं.

राग आलाच. पण रात्री भांडी घासताना जाणवलं की छातीवरचं काहीतरी उतरलंय. आठ दिवस मला वाटत होतं की माझंच काही जुनं झालं, मागे पडलं. ते फक्त ब्राउझरपुरतं वाटत होतं असं नाही. जाऊ दे.

एज ठेवलंय, मुद्रितं ऐकायला. विवाल्डीची टिपणवहीही ठेवीन बहुतेक. बाकीची काढली. हे लिहितेय फायरफॉक्समध्येच, आणि आवड की सवय याचं उत्तर मला अजून देता येत नाही. वीस वर्षांनी ती दोन वेगळी काढायची कशी?

त्या साइटवाल्यांना काल सविस्तर मेल केली : तुमची तपासणी फक्त नाव पाहते, ती काढा, फॉर्म फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतो, सोबत पावती जोडली आहे. अजून उत्तर नाही. पुढच्या वर्षी आईचा फॉर्म आधी खऱ्या नावानंच उघडून बघणार आहे.