तुकोबांचा अभंग स्पॉटिफायवर चढवताना

स्पॉटिफायवर आपलं गाणं आपण थेट टाकू शकत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी अशा ॲप्सवर पोचवणारी कंपनी, लागतो. तुकोबांच्या एका अभंगाला मी नवी चाल लावली होती. गाणं नि पेटी माझी, पखवाज एका मित्राचा, टाळ आणि मिक्सिंग दुसऱ्याचं. २०२५ची आषाढी ६ जुलैला होती, पण लोक अभंग ऐकू लागतात ते पालख्या निघाल्या की. म्हणून पालख्या पुण्यात येण्याच्या सुमाराचा शुक्रवार, २० जून, ठरवला आणि फाइल बरीच आधी दिली.

आधी देण्याला कारण आहे. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रकाशित होण्याच्या किमान सात दिवस आधी, तेही ५०० अक्षरांत. वारी, पखवाज, चाल नवी हे सगळं त्यात कोंबायचं. निवड झाली नाही तरी गाणं आपल्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. आमची झाली नाही. फॉलोअर्स म्हणजे बहुतेक नातेवाईकच, त्यांना गाणं पोचलं.

डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म मात्र मन लावून भरावा. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. चालीचं तसं नाही. जी चाल आपण लहानपणापासून ‘पारंपरिक’ म्हणून ऐकतो, ती पुष्कळदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि तिचा हक्क शाबूत असतो. माझ्या मते फॉर्ममधलं ‘संगीतकार’ हा रकाना नीट भरणं म्हणजे अर्धी लढाई. त्याच फॉर्मनंतर गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड मिळतो. तो जपून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड द्यायचा, म्हणजे जुने स्ट्रीम्स (गाणं किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा) गाण्यासोबत राहण्याची शक्यता असते. नाव आम्ही देवनागरीत दिलं आणि यूट्यूबच्या वर्णनात रोमन लिपीतही लिहिलं, कारण शोधणारे निम्मे लोक रोमनमध्येच टाइप करतात.

यूट्यूबवर गाणं आलं आणि चार दिवसांत त्यावर हक्काचा दावा! चाल आमची, आवाज आमचा, मग दावा कशावर? तर तानपुऱ्यावर. आम्ही वापरलेला तयार लूप, म्हणजे सतत फिरत राहणारा ध्वनिमुद्रित तुकडा, दुसऱ्या कुणीतरीही वापरला होता आणि आपलं ध्वनिमुद्रण कंटेंट आयडी या यूट्यूबच्या सारखे आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवून ठेवलं होतं. यंत्राला सारखेपणा तेवढा कळतो. लूपच्या परवान्याचा मजकूर जोडून आम्ही हरकत घेतली. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. म्हणजे आषाढी उलटून गेली असती. सुदैवाने दावा लवकर मागे घेतला गेला. तेव्हापासून तयार लूप असलेल्या गाण्याला मी डिस्ट्रिब्युटरकडची कंटेंट आयडीची सोय घेतच नाही, नाहीतर उद्या आपल्याच नावाने दुसऱ्या कुणाला असा त्रास व्हायचा.

इन्स्टाग्रामवर ‘प्लेलिस्टमध्ये घालतो, हजारो स्ट्रीम्स देतो’ म्हणणारे निरोप तर रोजचेच. बनावट स्ट्रीम्स सापडले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं आणि मग गाणंच उतरवलं जातं. या लोकांना उत्तरही देऊ नये.

आमचे खरे श्रोते व्हॉट्सॲपवर होते. ओळखीच्या भजनी मंडळांना लिंकसोबत चालीची स्वरलिपी आणि नुसत्या वाद्यांचा ट्रॅक पाठवला. नुसती लिंक कोण उघडतं? स्वरलिपी आली की पेटीवाला ती वाजवून बघतो, मंडळ ती बसवतं, कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या मंडळाला धाडतं, आणि मूळ चाल नीट ऐकायला म्हणून माणसं गाण्यापर्यंत येतात. आमच्या रील्सपेक्षा हे जास्त चाललं.

पैशांचं थोडक्यात: २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम्स नसतील तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. आम्ही ती रेघ ओलांडली, पण स्टुडिओचं भाडं काही निघालं नाही. डिस्ट्रिब्युटर देतो ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. संगीतकाराची रॉयल्टी वेगळी, आणि त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं लागतं. तो अर्ज मी आता भरतोय.

महिला मंडळांची एक तक्रार सगळीकडून आली: आमचा ट्रॅक काळी एक या पट्टीत आहे, त्यांना जमत नाही. कार्तिकीच्या अभंगाचा ट्रॅक काळी चारमध्येही करायचा ठरलाय. पखवाज पुन्हा लावावा लागेल म्हणून मित्र कुरकुरतोय.