घड्याळजी काका आणि जयपूरची सावली

मी टूर मॅनेजर. जयपूरच्या जंतरमंतरला ग्रुप नेला की निम्मं लक्ष फोटोंवर आणि निम्मं जेवण कुठे आहे यावर असतं. त्या फेब्रुवारीत मात्र ग्रुपमध्ये गिरगावातले एक काका होते. सारा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला.

लघु सम्राट यंत्र म्हणजे तिथलं लहान सूर्यघड्याळ. त्यापाशी तिथल्या गाइडने सावलीची कड दाखवली. १०.४९. काकांनी मनगट वर केलं. साडेअकरा.

"एक्केचाळीस मिनिटं मागे! आणि याला तुम्ही यंत्र म्हणता?"

सगळे हसले. "करेक्शन करना पडता है," म्हणत गाइड पुढे निघाला. काका जागचे हलेनात. घड्याळ मागे का, हे कळल्याशिवाय ते सोडायचं नाही, हा त्यांचा धंदाच.

बाकीच्यांना गाइडबरोबर पाठवून मी थांबलो. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, म्हणजे मिर्झापूरजवळच्या वेळेवर. जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. झाली सत्तावीस.

"उरलेली चौदा?"

पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य वर्षभर एकसारख्या चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो घड्याळाच्या चौदा मिनिटं मागे असतो.

काकांनी बोटांवर हिशेब केला आणि एकदम म्हणाले, "अरे, हा तर जवळजवळ बॉम्बे टाइम! आमच्या वडिलांच्या दुकानात दोन घड्याळं असायची, दोन वेळांची." खरंच होतं. १९०६ ला देशाची एक वेळ ठरली, तरी मुंबईने ३९ मिनिटं मागची आपली वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.

मग मोठ्या सम्राट यंत्रासमोर आलो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेलं, सत्तावीस मीटर उंच. तिरकी भिंत ध्रुवाच्या रोखाने, दोन्ही बाजूंना संगमरवरी कमानी. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवरून खाली उतरते, दुपारी पूर्वेच्या कमानीवर चढते. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला चार बोटं. गाइड लोक "दो सेकंड की अचूकता" छातीठोक सांगतात. खुणा तेवढ्या बारीक आहेत खऱ्या, पण सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी. सावलीची कड पुसट पडते. काकांनी डोळे बारीक करून कठड्यावरूनच ते हेरलं. "काटा जाड आहे," म्हणाले.

तेवढ्यात बसवाल्याचा फोन. निघताना मी सहज बोलून गेलो, की नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य उलट सोळा मिनिटं पुढे असतो, तेव्हा इथला फरक दहा-अकरा मिनिटांवर येतो.

"मग दिवाळीनंतरची टूर कधीची आहे?" काकांनी तिथेच विचारलं. "दोन सीट लिहून ठेव. हिलाही दाखवतो."