फी माफ झाली, पण खरं काम शिकवण्याचं नव्हतं

अमेरिकेत मास्टर्सला आल्यावर असिस्टंटशिप, म्हणजे फी माफ होईल असं विद्यापीठातलं काम, शोधायची म्हणजे आपल्याच विभागातल्या प्राध्यापकांना मेल टाकत राहायचं, असं सगळे सांगतात. मीही तेच करत होते. शेवटी जागा मिळाली ती 'स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस'च्या ऑफिसात. मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या 'ट्रायो' नावाच्या योजना आहेत, त्यांपैकी ही एक, १९६८ पासून चालत आलेली. आई-वडिलांपैकी कोणाकडेच चार वर्षांची पदवी नाही, घरचं उत्पन्न कमी आहे किंवा अपंगत्व आहे, अशा पदवीच्या विद्यार्थ्यांनी कॉलेज अर्ध्यावर सोडू नये म्हणून ती आहे.

कागदपत्रांचं फार अवघड गेलं नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि पगारासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरासाठी नोकरीचं पत्र व इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र दोन्ही लागतात. त्यानंतर 'फर्पा' या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचं प्रशिक्षण. १९७४ च्या या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचे मार्क सहसा बाहेर सांगता येत नाहीत. काळजीपोटी एखाद्या आईचा फोन आला तरी आम्ही सांगत नाही. हे मला जड गेलं, पण का ते लवकरच पटलं. घरी कळणार नाही याची खात्री असेल तरच मुलं मोकळं बोलतात.

मुलाखतीत गणित, स्टॅटिस्टिक्स शिकवता येतं का, हे विचारलं होतं. शिकवण्या होत्याच. पण मुलं अडकत होती ती नियमांत. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज केलेलं असतं, त्यांना हे नियम जेवताखाता कळतात. या मुलांना ते कळतात थेट दंड बसल्यावर.

एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. दुसरं सत्र संपल्यावर तिला मेल आला: तुमची आर्थिक मदत थांबवली आहे. तिला काही उमगेना, कारण मार्क चांगले होते. आम्ही दोघी तिची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांचं गुणपत्रक, घेऊन बसलो. आई आजारी, त्यात रात्रपाळीची नोकरी. त्यामुळे नापास होण्यापेक्षा बरं म्हणून तिने दोन्ही सत्रांत दोन-दोन विषय मध्येच सोडले होते. सोडलेल्या विषयाला 'डब्ल्यू' लागतो. त्याने जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, खाली येत नाही, पण 'घेतलेल्या क्रेडिट्स'मध्ये तो मोजला जातो. तिने घेतले ३०, पूर्ण केले १८, म्हणजे ६० टक्के. मदत चालू राहायला बहुतेक कॉलेजांत हे प्रमाण किमान ६७ टक्क्यांच्या आसपास लागतं, कारण मदत हवी तर १२० क्रेडिट्सची पदवी १८० क्रेडिट्सच्या आत पूर्ण व्हावी असा केंद्राचा नियम आहे. विषय सोडताना हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. मला त्याचा मनापासून राग आला.

अपील करता येतं. तिने लिहून आणलेलं पत्र सगळं माफीचं होतं: मी आळशी नाही, मला आणखी एक संधी द्या. वाचताना गलबलून आलं. पण समितीला माफी नको असते. समितीला दोनच गोष्टी हव्या असतात: अडचण काय होती आणि आता काय बदललं. ते पत्र आम्ही बाजूला ठेवलं आणि नव्याने लिहायला घेतलं. कोणत्या आठवड्यात आईला दाखल केलं, त्याचा हॉस्पिटलचा कागद. आता मावशी घरी राहायला आली आहे. पाळी बदलून शनिवार-रविवार मिळाला, त्याचं मॅनेजरचं पत्र. प्रत्येक वाक्य तिचंच होतं, मी फक्त "कधी?" आणि "मग पुढे?" एवढंच विचारत राहिले. तिच्या वतीने पत्र लिहून देणं सोपं होतं, पण समितीने बोलावलं असतं तर उत्तरं तिलाच द्यायची होती.

अपील मंजूर झालं, प्रोबेशनवर, म्हणजे अटी घालून. पुढच्या सत्रात कोणते विषय, किती क्रेडिट्स, याचा आराखडा ठरला आणि पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी मदत, पुन्हा सुरू झाली.

तेव्हापासून विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेच्या आधीचे दोन आठवडे मी शिकवण्या कमी ठेवते. त्या दिवसांत ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला आधी ट्रान्सक्रिप्ट उघडायला लावते, आणि मग आम्ही भागाकार करतो.