पहिली दहा मिनिटं

रोज पळणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली दहा मिनिटं कशी जातात? उत्तर बहुधा एकच येईल: नको वाटतात. पाय जड, श्वासाचा आणि पावलांचा मेळ नाही, पोटऱ्या कुरकुरतायत आणि डोक्यात सारखा हिशेब, आज नसतं आलं तर काय बिघडलं असतं? वर्षानुवर्षं पळणाऱ्यांनाही हे चुकत नाही. पण हे सरतं, हे त्यांना ठाऊक असतं. नवखा मात्र ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत चौथ्या मिनिटाला परत फिरतो. तिसरी घंटा व्हायच्या आतच नाटक सोडून उठावं, तसं.

कारण साधं आहे. पाय पळू लागले की त्यांना लगेच जास्त प्राणवायू हवा असतो. हृदय आणि फुप्फुसांना त्या मागणीला पुरं पडायला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायू जवळच्या शिलकीवर उधारीचा कारभार चालवतात. सुरुवातीची धाप हे त्या उधारीचं व्याज. त्यात सकाळची वेळ असली तर अंग गार आणि सांधे आखडलेले. म्हणून आधी पाच-सात मिनिटं झपझप चालायचं आणि मग अगदी हळू पळायला लागायचं. गार स्नायू उभ्या-उभ्या ताणत बसून फारसं काही साधत नाही. ताणायची हौस असेल तर ती नंतर भागवावी.

‘अगदी हळू’ हे दोन शब्द कुणी मनावर घेत नाही, ही खरी पंचाईत. हळू म्हणजे किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. ‘हं’, ‘हो’, ‘बघू’ अशी तुटक उत्तरं यायला लागली की वेग जास्त झाला. एकट्याने पळताना एखादी पाठ असलेली कविता म्हणून पाहावी. ओळीच्या मधेच श्वास घ्यावा लागला तर गाडी खालच्या गियरवर आणावी. अगदी नव्याने सुरुवात असेल तर १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. २४ मिनिटांत काम संपतं. आठवड्यात तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. चालण्याची लाज वाटते म्हणून पळणं सोडणारे पुष्कळ भेटतात; ती लाज कुठून येते कोण जाणे. रस्त्यावर कुणालाही आपल्याकडे बघायला वेळ नसतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेगळाच घोटाळा होतो. दम वाढलेला असतो, अंगात उत्साह मावत नाही, आणि अंतर एकदम दुप्पट केलं जातं. मग नडगी दुखायला लागते. दम आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा कणखर व्हायला महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो आणि एका किलोमीटरमध्ये हजाराच्या आसपास पावलं पडतात. नव्या भाराला हाड लगेच घट्ट होत नाही. आधी त्याचा जुना भाग झिजवला जातो, मग नवा बांधला जातो. म्हणजे डागडुजी चालू असलेल्या पुलावरून आपण दुप्पट वाहतूक सोडतो. नडगीभर पसरलेली ठणक दोन-चार दिवसांच्या विश्रांतीने बहुधा उतरते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखत असेल आणि साधं चालतानाही कळ येत असेल, तर पळणं बंद करून डॉक्टर गाठावा.

पाऊल थोडं आखूड टाकलं तरी हा भार कमी होतो. पाऊल आखूड झालं की त्याच वेगाला मिनिटाला जास्त पावलं पडतात. आपली किती पडतात? उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा. ४० आले तर मिनिटाला १६० पावलं झाली. १८० हा आकडा बरेच जण जपमाळेसारखा धरून बसतात. तो १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी रूढ केला. ती शर्यतीतली माणसं होती. रमतगमत पळणाऱ्याने आपल्याच आकड्यात पाच टक्के भर घातली तरी पुष्कळ.

आणि लेस! बांधून निघावं, लय लागावी आणि नेमकी तेव्हाच सुटावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभियंत्यांनी ट्रेडमिलवरच्या पायांचं संथ गतीने चित्रण करून २०१७मध्ये याचा छडा लावला. पाऊल आपटलं की गाठ ढिली होते आणि पाय पुढे झोकला की मोकळी टोकं चाबकासारखी झटका देऊन लेस ओढतात. दोन्ही मिळून काही क्षणांत गाठीचा निकाल लागतो. आता आपल्या बुटाकडे वाकून पाहा. लेसचे दोन कान बुटावर आडवे पसरलेले असतील तर गाठ पक्की. एक कान बोटांकडे आणि दुसरा घोट्याकडे वळत असेल तर ती लवकर सुटणारी गाठ. उपाय सोपा आहे: पहिली अढी रोजच्यापेक्षा उलट बाजूने घालायची, बाकी सगळं तसंच. चाळीस वर्षांची सवय मोडायला मात्र चार दिवस बोटं अडखळतात.

दहा-पंधरा मिनिटं झाली की हळूहळू काहीतरी बदलतं. श्वास पावलांच्या मागून येणं सोडतो, बरोबरीने चालू लागतो. पळून झाल्यावरच्या प्रसन्नतेचं श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनाला दिलं जाई, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. हल्ली संशय दुसऱ्याच एका रेणूवर आहे. तो १९९२मध्ये सापडला आणि शोधणाऱ्यांनी संस्कृतातून शब्द उचलून त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. नावातच आनंद. मध्यम जोराने पळल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. नुसतं चालून किंवा ऊर फुटेस्तोवर धावून तसं होत नाही. हळू पळणाऱ्यांना याहून चांगला वकील मिळायचा नाही.

राहता राहिला प्रश्न घराबाहेर पडायचा. मूड यायची वाट पाहिली तर तो दुपारी जेवणानंतर, लोळत असताना येतो. त्यापेक्षा स्वतःशी दहा मिनिटांचा करार करावा: तेवढं पळून पाहायचं आणि तरी नको वाटलं तर खुशाल परतायचं. ही मुभा मात्र खरी हवी, नाहीतर मन दुसऱ्या दिवशी फसत नाही. ताप किंवा छातीत कफ असेल तर करारही नको, झोपून राहावं.

आणि ज्यांनी चौथ्या मिनिटाला कुरकुर केली होती, त्यांना शेवटी फाटकापाशी पाहावं. घड्याळ ४.९६ किलोमीटर दाखवत असतं. माणूस घामाने निथळतोय, घरी उशीर झालाय, आणि तरी उरलेल्या ४० मीटरसाठी तो फाटकासमोर गोल गोल पळत असतो.