तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रकवर गेलं तर हातात किती पडतात?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत कंत्राटावर असलेली, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात हिशेब लिहिणारी, घरच्या दोन-तीन एकर कोरडवाहूवर भागत नसलेली माणसं हाच प्रश्न विचारतात: हेवी लायसन काढून लांबच्या लाईनवर गेलो, तर महिन्याला किती सुटतील? कुणीतरी त्यांना आधीच चाळीस हजारांचा आकडा सांगितलेला असतो. हा आकडा मुरलेल्या ट्रेलरवाल्याचा असतो, भत्ता धरून आणि एखाद्या चांगल्या महिन्याचा. नव्या माणसानं गाडी स्वतःच्या हातात आल्यावर पहिल्या वर्षी खाणंपिणं जाऊन घरी १२ ते १७ हजार येतील असं धरून चालावं. जास्त आले तर आनंदच आहे, पण घरचा हप्ता त्या जास्तीच्या भरवशावर ठरवू नका.

आधी वेळेचा हिशेब. हलक्या गाडीचं लायसन काढून एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन मिळत नाही. वय २० पूर्ण लागतं. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (शिकल्याचा दाखला) आणि डॉक्टरचा फॉर्म १-अ (तब्येतीचा दाखला) लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शिक्षण कमी म्हणून कुणी अडत नाही. हे वर्ष रिकामं घालवायची गरज नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या लायसनवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा ते वर्ष पिकअपवर किंवा छोट्या टेम्पोवर काढा. जालन्याहून सळई, वसमतहून हळद, लातूरहून डाळ अशा जवळच्या फेऱ्यांत वजनकाटा, बिल्टी (मालाची वाहतूक पावती), ताडपत्री, दोर या गोष्टी हाताखालून जातात आणि रोज रात्री घरी येता येतं.

हेवी लायसन हातात आलं तरी मालक लगेच दहा टायर किंवा बारा टायर एकट्याच्या हाती देत नाही. त्याचं काही चुकत नाही, लाखोंची गाडी आणि तितक्याच किमतीचा माल असतो. सहा महिने ते वर्षभर तुम्ही सेकंड ड्रायव्हर असता. तिथे साधारण ८ ते १२ हजार आणि जेवण एवढंच मिळतं. बरेच लोक हा काळ हिशेबात धरतच नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात कंटाळून परत येतात. नोकरी सोडण्याआधी निदान चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या.

आता गाडी तुमच्या हातात आली असं समजू. बोली बहुतेक ‘पगार अधिक भत्ता’ अशी असते. पगार १४,००० आणि रस्त्यावरच्या दिवसाला ४०० भत्ता धरा. महिन्यात २६ दिवस बाहेर राहिलात तर भत्ता १०,४०० होतो, एकूण २४,४००. ढाब्यावर दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, अंघोळ, रिचार्ज मिळून दिवसाला २८० तरी जातातच, म्हणजे ७,२८०. उरले १७,१२०. क्लीनर तुमच्याच भत्त्यात जेवणार असेल तर आणखी कमी. काही ठिकाणी किलोमीटरवर दर असतो. तिथे गाडी उभी राहिली की कमाई शून्य. ठेक्याची पद्धत वेगळी: फेरीची ठरलेली रक्कम घ्यायची, त्यातून डिझेल, टोल, किरकोळ खर्च भागवायचा आणि उरेल ते आपलं. ठेका नव्या माणसानं पहिलं वर्षभर घेऊच नये, आणि त्याचं कारण डिझेल.

हे नीट समजून घ्या, कारण पगार इथेच गळतो. वाळूजहून चेन्नई साधारण १,२०० किलोमीटर, जाऊन-येऊन २,४००. मालकानं लिटरला ४ किलोमीटरचं ॲव्हरेज ठरवून दिलं (बांधलं) असेल तर ६०० लिटर डिझेल बसतं. नवा हात ३.७ काढतो. मग जवळजवळ ६४९ लिटर लागतं, म्हणजे ४९ लिटर जास्त. लिटरला ९० रुपये धरले तर एका फेरीत ४,४०० रुपयांचा खड्डा. महिन्यात अशा अडीच फेऱ्या झाल्या तर अकरा हजार. मालकानं त्यातला अर्धाच कापला तरी वरचे १७ हजार साडेअकरावर येतात. म्हणून बोलीच्या वेळी पगाराआधी हे विचारा: ॲव्हरेज किती बांधलंय, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वेगवेगळं आहे का, कमी पडलं तर पहिले तीन महिने कापणार का, आणि जास्त निघालं तर वाचलेलं कुणाचं?

०.३ चा हा फरक कुठून येतो? गिअर उशिरा बदलण्यातून. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात न ठेवण्यातून. पुढची गाडी जवळ येईपर्यंत दाबत राहायचं आणि मग जोरात ब्रेक मारायचा, या सवयीतून. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवण्यातून. टायरमध्ये हवा कमी असली तर गाडी जड ओढते, म्हणून हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासायची. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी वेगळी असते. ती संपली किंवा त्यात भेसळीचं पाणी पडलं की गाडीची ताकद पडते आणि वाटेत दिवस मोडतो. चार-सहा महिन्यांत हात बसतो आणि ॲव्हरेज जुळतं. पगार खऱ्या अर्थानं वाढतो तो तेव्हा.

दुसरी गळती उभं राहण्याची. भरलेली गाडी दिवसाला ३०० ते ४०० किलोमीटर जाते, म्हणजे चेन्नईला तीन-चार दिवस. तिथे खाली व्हायला एक-दोन दिवस, परतीचा माल मिळायला आणखी एक ते तीन. फेरी दहा-बारा दिवसांवर जाते ती इथे. त्या उभ्या दिवसांचा भत्ता चालू राहतो का, हे बोलीतच ठरवून घ्या. पोचेवर म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर गाडी आत गेल्याची आणि बाहेर निघाल्याची तारीख-वेळ शिक्क्यासह लिहून घेतली, तरच हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) मागता येतं. नंतर फोनवर कितीही सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची मुदतही बघत राहा. ती २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. गाडी बिघडून अडकलात तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यायला मालकाला सांगा.

मग कापाकापी. वजनात घट, भिजलेला माल, फाटलेली पोती यांचे पैसे ड्रायव्हरच्या माथी मारले जातात. भरताना काट्याची पावती, सील नंबर आणि बांधलेल्या ताडपत्रीचे चारी बाजूंनी फोटो काढून त्याच वेळी मालकाला पाठवा. ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. माल मालकाच्या सांगण्यावरून भरला जातो, तेव्हा हा दंड तुमच्या पगारातून जाणार नाही असं आधी कबूल करून घ्या. आणि मालकाकडून मोठी उचल (आगाऊ रक्कम) घेऊ नका. ऊसतोडीचं गणित आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. उचल फिटेपर्यंत माणूस मालक सांगेल त्या भाड्यावर आणि झोप नसताना गाडी हाकतो, आणि माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोठं नुकसान तेच आहे.

कंपनी सोडणाऱ्यांनी आणखी एक बेरीज करावी. १२,००० बेसिकवर मालकाचा पीएफ १,४४० रुपये असतो, शिवाय ईएसआय म्हणजे कामगार विम्यामुळे घरच्यांचा दवाखान्याचा खर्च वाचतो. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे यातलं काही नसतं. तिथे १५,००० मिळाले तर ते कंपनीच्या १३,००० पेक्षा जास्त आहेत असं समजू नका. गाडीच्या विम्यात पगारी चालकाचा समावेश आहे का, ते पॉलिसीचा कागद मागून वाचा. १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं ते चालवणाऱ्या मालकाचं, नोकरीवरच्या ड्रायव्हरचं नाही. बँकेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघाताचा) मिळतो, तो तर पहिल्याच दिवशी काढा.

वर्षातली वेळही बघा. पावसाळ्यात मोंढे थंड असतात आणि गाड्या भाड्यावाचून उभ्या राहतात. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, मागून कापूस, साखर, तूर, आणि होळीच्या पुढे हळद. सोडायचंच ठरलं असेल तर सप्टेंबरात मालकाशी बोली करा, वर लिहिलेले प्रश्न त्याला समोर बसून विचारा, आणि त्याची उत्तरं वहीत तारखेसह लिहून त्यावर सही घ्या. सही द्यायला जो कचरतो त्याच्या गाडीवर चढू नका. हंगामात ड्रायव्हर सगळ्यांनाच हवे असतात.