पुण्यातली पिटकुळी

रोपवाटिकेत जिला एक्झोरा म्हणतात, ती कोकणात जांभ्याच्या सड्यांवर आणि गडग्यांच्या कडेने आपली आपण वाढणारी पिटकुळी. आमच्या आजोळी हे झुडूप कोणी मुद्दाम लावल्याचे मला आठवत नाही. पुण्यात मात्र तेच जगवताना माझी तीन वर्षे गेली.

पहिले रोप मी कुंपणाच्या भिंतीलगत, सकाळचे ऊन भरपूर मिळते म्हणून लावले. दोन महिन्यांत कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. उपासमार समजून मी शेणखत घातले, मग युरिया घातला, तेव्हा पानांच्या कडाही करपल्या. दोष खताचा नव्हताच. आमची काळी माती चुनखडीची, बोअरचे पाणी जड आणि त्यात भिंतीच्या नव्या गिलाव्यातला चुना दर पाण्याबरोबर मुळाशी उतरत होता. पिटकुळीला आम्लधर्मी जमीन लागते. चुन्याने माती विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट, झाली की तिच्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

दुसरे रोप मोठ्या कुंडीत, तांबडी माती आणि कुजलेला पालापाचोळा निम्मे-निम्मे घेऊन लावले. पावसाचे पाणी पिंपात साठवले आणि ते संपल्यावर चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येणाऱ्या रूपातल्या लोहाची, हलकी फवारणी सुरू केली. जुनी पाने शेवटपर्यंत पिवळीच राहिली, परंतु नवी पालवी हिरवीगार आली.

यंदा होळीच्या सुमारास पहिला झुबका उमलला. यातले एक फूल उपटून पाहावे: वर चार पाकळ्यांची चांदणी आणि खाली सुईसारखी तीनेक सेंटिमीटर लांब नळी, जिच्या तळाशी मधाचा थेंब असतो. लहानपणी आम्ही तो चोखत असू. एवढ्या अरुंद नळीच्या तळापर्यंत पोहोचायला लांब सोंड लागते आणि ती मोठ्या फुलपाखरांकडे असते, म्हणूनच या झुडपावर राणी पाखरू येते. 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले हे काळे-निळे पाखरू झुबक्यावर नीट बसत नाही. पाय जेमतेम टेकवून, पंख फडफडवत ते एकेका नळीत सोंड घालत पुढे सरकते. छायाचित्र काढण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

फुले शेंड्यांवर येत असल्याने बहर ओसरल्यावर हलकी छाटणी करावी, एवढे पुरते. मात्र पिटकुळी फुलपाखरांना केवळ मध देते. राणी पाखराची अंडी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर असतात. आमच्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले, तेव्हा मी ते पुसायला निघालो होतो. जवळून पाहिले तर त्या अळ्या होत्या. काडीने डिवचताच एकीने डोक्यामागून लाल शिंगे बाहेर काढली आणि उग्र वास आला. आता कढीपत्त्यावर औषध मारणे बंद केले आहे. त्याच्या वरच्या दोन डहाळ्या पार बोडक्या झाल्या असून सध्या फोडणीपुरती पाने शेजारून आणावी लागतात.