पॉइंट नऊचा फरक

मी प्लंबर. टाकी सोडायची नाही, म्हणजे रिकामी करायची नाही, हे कबूल करून घेतल्यावरच काकूंनी मला गच्चीवर जाऊ दिलं. त्या पहाटेच नळाला पाणी येऊन गेलं होतं. दोन हजार लिटरची टाकी गळ्यापर्यंत भरलेली. पुढची पाळी आठव्या दिवशी, तीही आली तर. लातूरच्या माणसाला एप्रिलात टाकी सोडा म्हणणं म्हणजे कणगीतली ज्वारी उकिरड्यावर ओता म्हणण्यासारखं आहे. 2016 च्या एप्रिलात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. 12 तारखेला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांच्या घरात आजही भाजी धुतलेलं पाणी झाडाला जातं. काकू त्यातल्याच.

घर औसा रोडच्या बाजूला. सर निवृत्त शिक्षक, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवून घ्यायचा म्हणून सकाळी एक माणूस बोलावला होता. त्यानं टाइलवर ड्रिल धरलं आणि ते थेट सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपात घातलं. मी पोचलो तेव्हा भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली, त्यावर टॉवेल गुंडाळलेला, आणि तो माणूस गायब.

टॉवेल काढला आणि मी चमकलो. आत तांबं!

आपल्याकडे आता घराघरात सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप. त्याआधी जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी. घरात पाण्याला तांब्याचा पाइप लातुरात मी हाताच्या बोटावर मोजण्याइतकाच पाहिला असेल. यांचा मुलगा इंग्लंडात असतो, घर बांधताना गरम पाण्याची लाइन तांब्याचीच करायची असा त्यानं हट्ट धरला होता. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. आयटीआय झाल्यावर मी सहा वर्षं मस्कतला होतो, तिथं हेच काम केलं. तांब्याला झाळ देणं हे हात बसलेलं काम आहे. एमरीनं पाइप लखलखीत घासायचा, सोल्डर धरावा म्हणून फ्लक्स लावायचा, बत्तीची आच सांध्यावर फिरवायची आणि नेमक्या क्षणाला तार टेकवायची. सोल्डर आपोआप आत ओढला जातो आणि सांध्याभोवती चांदीसारखी कड उमटते. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. तो तापल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील फिरवायचा, ती आणि ही एकाच घरची विद्या. मी बत्ती काढली तेव्हा माझ्या हाताखालच्या पोराला जरा रुबाबातच म्हणलं, "बग, आता काम कसं असतंय ते."

झालं काय, सोलरखालचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईना. बोअरच्या पाण्याचा क्षार चढून चढून त्याची फाटक जाम झालेली. सगळा जोर लावला तरी पाइपातून दोऱ्याएवढी धार येतच राहिली. व्हॉल्व्ह बदलायचा तर टाकी सोडावी लागणार. टाकीचं नाव काढताच काकू दारात उभ्या. "मिस्त्री, बोललाव न्हाई का मगाशी आपण?"

दोऱ्याएवढी धार असली तरी झाळ लागत नाही. मी आच धरली, पाइपातून चुरचुर आवाज, मग वाफ. तार टेकवली तर सोल्डरचे मणी होऊन खाली टपटपले. सर दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "आत पाणी आहे तोवर तो पाइप शंभराच्या वर जायचा नाही. तुझं ते किती अंशाला वितळतं?" बिनशिशाचं सोल्डर 227 अंशाच्या आसपास. मी काहीच बोललो नाही. मस्कतच्या उस्तादांनी यावर एक युक्ती शिकवली होती. पावाचा गोळा करून पाइपात दाबायचा, तो धार रोखून धरतो तेवढ्यात झाळ द्यायची, मग पाव पाण्याबरोबर विरघळून नळातून निघून जातो. काकूंना पाव मागितला. त्यांनी भाकरी चालंल का विचारलं. भाकरी चालत नाही, ती विरघळत नाही, फिल्टरच्या जाळीत बसते. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आला, गोळा दाबला, धार थांबली, बत्ती पेटवली. आणि पोरगा ओरडला, "उस्ताद, पांढरा पाइप!"

तांब्यापासून दोन बोटांवर थंड पाण्याची सीपीव्हीसी त्याच खाचेतून गेली होती. आचेनं तिच्या अंगावर चमक यायला लागली होती. आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर एकाच्या जागी दोन पाइप गळत राहिले असते. बत्ती बंद केली. पाव तोवर मऊ पडून वाहून गेला, धार पुन्हा सुरू.

तेव्हा सरांनी काकूंकडून बिस्किटाचा पत्र्याचा डबा मागवला. त्यात पितळेच्या दहा-बारा जोडण्या. मुलानं एकदा सुट्टीत आणलेल्या, अमेरिकेतल्या मुलीनंही काही आणून दिलेल्या. "ह्या नुसत्या दाबून बसतात म्हणे. तुम्ही लोक वापरता का?"

मी वापरत नव्हतो. पण पोराला लगेच कळलं, कारण तो आधी आरओ फिल्टर बसवायच्या कामाला होता. फिल्टरच्या पाव इंची नळीला जे खटक असतं तेच हे, फक्त पितळेचं आणि दांडगं. आत स्टीलची दातेरी चकती, दात आतल्या बाजूला वाकलेले. पाइप आत जाताना दात वाट देतात, बाहेर ओढला की अंगात रुततात. त्याच्यामागं रबरी रिंग, पाणी ती अडवते. काढायचं असेल तर तोंडाशी असलेली कडी दाबून धरायची, दात उचलले जातात, पाइप निघतो. आच नाही, फ्लक्स नाही, पाइप ओला असला तरी चालतो. माझा यावर विश्वास नव्हता. ज्या सांध्याला आच लागली नाही तो सांधा कसला, हे माझं मत. पण धार चालू, काकू दारात, आणि माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

मी एवढी खबरदारी घेतली की आधी करून बघितलं. पिशवीत तांब्याचा वीतभर तुकडा होता, त्याच्यावर कपलर दाबला. खट्ट करून बसला. दोघांनी दोन बाजूंनी ओढला, निघेना. म्हणलं, आहे बाबा मालात दम. मग भोकाच्या दोन्ही बाजूंना हातभर खाच फोडली, म्हणजे पाइप जरा पुढं ओढून हलवता यावा. भोक असलेला भाग कटरनं काटकोनात कापला, आतली-बाहेरची कड रीमरनं घासली. ती धारदार राहिली तर रबर कापते, हे पोरानं सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. तसाच दुसरा कपलर घेऊन भिंतीतल्या पाइपावर दाबला.

सहज गेला. नको इतका सहज. खट्ट आवाज नाही. मी हलवून बघितला तर कपलर हातात आला, आणि कोपरापर्यंत गरम पाणी.

"उस्ताद, थांबा." पोरानं पिशवीतून व्हर्निअर काढला. आयटीआयला असताना घेतलेला, मी त्याला त्यावरून चिडवायचो. माझा तुकडा 15.9 मिलिमीटर. भिंतीतला पाइप 15. माझा तुकडा घरच्या नळाचा नव्हताच, एसीच्या कामातून उरलेला होता. एसीवाल्यांचा पाच-अष्टमांश इंचाचा पाइप म्हणजे 15.88. अमेरिकेत ज्याला अर्धा इंच म्हणतात त्याचा बाहेरचा व्यासही तेवढाच, आणि मुलीनं आणलेली जोडणी तीच. आपली अर्धा इंची सीपीव्हीसीसुद्धा बाहेरून 15.9 भरते. भिंतीत मात्र 15 चा पाइप. मुलाच्या जोडण्या 15 च्या. दोघा भावंडांच्या जोडण्या एकाच डब्यात, दिसायला सारख्या, अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावला तरी वाचवत नव्हती. इतकी वर्षं मी "अर्धा इंच दे" म्हणून सामान घेतलंय, मोजलं कधीच नाही.

पोरानं डबा जमिनीवर ओतला आणि एकेक मोजून दोन ढीग केले. जोडायला 15 चा तुकडा हवा होता. घर बांधतानाचा उरलेला पाइप काकूंनी गच्चीवर बाजेखाली जपून ठेवला होता. पाइपावर कुठवर आत जायला हवा त्याची पेन्सिलनं खूण केली, दोन्ही टोकं ओल्या फडक्यानं पुसली, आणि धार अंगावर घेतच दाबलं. खट्ट. दुसरीकडे खट्ट. खूण कपलरच्या तोंडाशी आली. ओढलं. पुन्हा ओढलं. वरचा व्हॉल्व्ह उघडला, टिश्यू पेपर गुंडाळून दहा मिनिटं बघत बसलो. कोरडा.

सगळी धडपड तीन तासांची, त्यातलं खरं काम दहा मिनिटांचं. बादलीभर पाणी गेलं असेल, तेही काकूंनी तुळशीला घातलं.

पण प्लास्टर करायला माझा हात धजेना. लाइन सोलरची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी वापर नसला की टाकीतलं पाणी जवळजवळ उकळतं. अमेरिकन जोडण्यांच्या पुठ्ठ्यावर 200 फॅरनहाइट, म्हणजे 93 अंश अशी हद्द लिहिलेली, या 15 च्या जोडण्यांचं खोकं डब्यात नव्हतंच. सोलरच्या तोंडाशी मी रबराची जोडणी कधीच बसवणार नाही. इथं पाणी दहा-बारा मीटर खाली येऊन पोचतं, तरी भिंतीत बुजवायला मन घेईना. खाच उघडीच ठेवून वर ॲल्युमिनियमची चार स्क्रूंची झाकणी बसवली. सरांना ती आवडली नाही, टाइलवर ठिगळ दिसतं म्हणाले. असू दे ठिगळ.

दिवाळीनंतर टाकी धुवायला काढली, म्हणजे आता सोडायला हरकत नव्हती. मी मुद्दाम बत्ती घेऊन गेलो. नवा बॉल व्हॉल्व्ह टाकला, झाकणी उघडली, म्हणलं आता व्यवस्थित झाळ देतो.

काकूंनी सांध्यावरून बोट फिरवलं. "गळतंय का?"

"न्हाई."

"मग काय खाज आहे तुमाला?"

झाकणी पुन्हा लावली. पोरगा बिस्किटाच्या डब्यात पुठ्ठ्याची भिंत घालत बसला होता. एका बाजूला मार्करनं लिहिलं 'लंडन', दुसऱ्या बाजूला 'अमेरिका'.